लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे? भूल ठरवताना एवढं विचारून घ्या

सर्जनला घरचे सगळे मिळून शंभर प्रश्न विचारतात आणि भूलतज्ज्ञ आले की फॉर्मवर सही करून मोकळे होतात. खरंतर ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस कसे जाणार, उलट्या होणार का, लघवीच्या नळीचा त्रास किती होणार, पोट कधी चालू होणार, यातलं बरंच काही भुलीवर अवलंबून असतं.

आधी ऑपरेशन कुठलं ते पक्कं करा. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात ते टीयूआरबीटी, बाहेरून एकही टाका नाही. अख्खी पिशवीच काढतात ती सिस्टेक्टॉमी, ते मोठं प्रकरण.

टीयूआरबीटीला अर्धी भूल म्हणजे स्पायनल आणि पूर्ण भूल दोन्ही चालतात. हा आजार होण्याचं सगळ्यात मोठं कारण तंबाखू-विडी-सिगारेट, त्यामुळे बऱ्याच पेशंटना आधीपासून खोकला नाहीतर दमा असतोच, अशांना घशात नळी न घालता स्पायनलवर काम झालं तर बहुतेक वेळा बरंच पडतं. कमरेत इंजेक्शन दिल्यावर स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून थंड लागतंय का विचारतात, बेंबीपर्यंत थंड कळेनासं झालं की सुरुवात. पाय साधारण दोन ते चार तास जड राहतात, तोवर खाली दुखत नाही, पाणीही लवकर पिता येतं.

पूर्ण भुलीत मात्र जाग येताक्षणी एक गोष्ट होते जी कुणी आधी सांगत नाही. लघवीची नळी घातलेली असते, लघवी बॅगेत जात असते, तरी पेशंट "मला जोरात लागलीय, जाऊ द्या" करत उठायला बघतो, कधी कधी नळीच ओढतो! नळीचा आतला फुगा पिशवीच्या तोंडाशी टेकतो आणि पिशवी आवळते म्हणून तसं वाटतं. स्पायनलमध्ये हे टळत नाही, फक्त उशिरा सुरू होतं. पेशंटला आदल्या दिवशीच समजावून ठेवा आणि भूलतज्ज्ञांना विचारा की यावर औषध देणार ना, कारण औषधं आहेत, सोसत बसायची काही गरज नाही.

गाठ नक्की कुठेय तेही विचारा. पिशवीच्या बाजूच्या भिंतीलगत मांडीकडे जाणारी एक नस असते, गाठ खरवडणाऱ्या हत्याराचा करंट तिथे लागला की मांडी झटकन आत उडते आणि आतल्या हत्याराने पिशवीला भोक पडू शकतं. अशा वेळी स्पायनलसोबत त्या नसेचा वेगळा ब्लॉक, म्हणजे ती नस बधिर करणारं इंजेक्शन देतात, नाहीतर पूर्ण भूल देऊन स्नायू ढिले करतात. तेव्हा "शेजारच्यांना तर स्पायनलच दिलं होतं" असा हट्ट नको.

कमरेत सुई टोचली की कंबर कायमची धरते, हे घरोघरी ऐकू येतं पण ते खरं नाही, टोचल्या जागी चार दिवस दुखेल इतकंच. डोकेदुखी मात्र काही जणांना होते, बसलं की ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं अशी, हल्लीच्या बारीक सुयांमुळे ती बरीच कमी झालीय. झालीच तर अंगावर काढू नका, कळवा, उपाय आहे.

सिस्टेक्टॉमीत पूर्ण भूल लागतेच, रोबोटने केलं तरी, कारण डोकं खाली करून तासन्‌तास झोपवतात. इथे खरा प्रश्न असा की नंतर दुखणं कशाने थांबवणार. आतड्याचा तुकडा घेऊन लघवीला नवी वाट करतात, त्यामुळे आतडं आधीच रुसलेलं असतं, त्यात मॉर्फिनसारखी दुखणं थांबवणारी औषधं जास्त गेली की आणखी सुस्तावतं, पोट फुगतं, उलट्या होतात आणि घरी जाणं लांबतं. म्हणून पोट उघडून ऑपरेशन असेल तर एपिड्युरल, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून बधिर करणारं औषध, देणार का विचारा. त्यात बीपी कधी कधी उतरतं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या इंजेक्शनची वेळ बघूनच ती नळी काढावी लागते. रोबोटिकला बहुधा पोटाच्या भिंतीतला ब्लॉक नाहीतर स्पायनलमधून थोडं मॉर्फिन पुरतं, मॉर्फिनने अंगाला खाज सुटली तर घाबरू नका. लवकर चालवणं, लवकर थोडं थोडं खायला देणं आणि च्युइंगगम चघळायला देणं (हो, खरंच) यानेही आतडं हलायला मदत होते.

"अमुक भूल घेतली की कॅन्सर परत येत नाही" असे मेसेज फिरतात. जुन्या केसपेपरवरून केलेल्या काही अभ्यासांत स्पायनलवाल्यांमध्ये गाठ कमी वेळा परतलेली दिसली, पण त्यावरून कारण भूलच होती असं म्हणता येत नाही. स्तनाच्या कॅन्सरवर दोन हजारांहून जास्त बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून मोठी ट्रायल झाली, २०१९ मध्ये छापून आली, त्यात पाठीतला ब्लॉक देऊन केलेली भूल आणि नेहमीची वासाची पूर्ण भूल, दोन्हींत १०० पैकी साधारण १० जणींना आजार परतला, फरक काही नाही. माझं मत विचाराल तर भूल निवडा ती फुफ्फुस, हृदय आणि दुखणं बघून.

तपासणीला जाताना गोळ्यांची अख्खी पिशवीच न्या. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्पायनलआधी काही दिवस थांबवावी लागते आणि शुगरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी, पण हे डॉक्टरांना विचारूनच, स्टेंट टाकलेला असेल तर मनाने अजिबात नको. आधीच्या भुलीत उलट्या झाल्या होत्या का, गाडी लागते का, तेही सांगा. उपाशी राहायचं म्हणजे जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा जेवणातच धरतात, पहाटेचा तो एक घोट घेतला तर ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं.