डब्यातल्या टोमॅटोची तव्यावरची चटणी

पोरानं पुण्याहून टोमॅटो-हिरव्या मिरचीचा बंद पत्र्याचा डबा आणला. त्यातली मिरची आमच्या लातूरच्या जिभेला नुसती नावालाच! म्हणून आधी तव्यावर चार लवंगी मिरच्या अन् आठ लसूण पाकळ्या थेंबभर तेलात डाग पडेस्तोवर भाजा, जिरं घालून वरवंट्यानं जाडसर रगडा.

पुढं लोखंडी तवा नको, आंबटानं चव बिघडते. स्टीलच्या कढईत दोन चमचे तेल, त्यात वाटण, मग डबा रसासकट. मोठ्या आचेवर आटू द्या. घाई केली की चटणी पाणचट होते, माझी पहिली तशीच झाली. तेल सुटलं की मूठभर शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर गूळ. मीठ चाखूनच, डब्यात आधीच असतं.

अर्धा डबा उरला तर काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. भाकरी मात्र ज्वारीची, तव्यावरून उतरलेली.