थिसलगॉर्मवर पहिल्यांदा डाइव्ह करताना

थिसलगॉर्म म्हणजे इजिप्तजवळ लाल समुद्रात, शाब अली रीफपाशी बुडालेलं ब्रिटिश मालवाहू जहाज. 6 ऑक्टोबर 1941 च्या मध्यरात्रीनंतर जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि 9 जण गेले. माल मात्र अजून आतच आहे, आणि तो बघायच्या घाईतच लोकांची हवा संपते.

तळ साधारण 30 मीटरवर, म्हणजे डाइव्हिंगचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालेला हवाच. जमलं तर नायट्रॉक्सचाही (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) करून घ्या, कारण 30 मीटरला साध्या हवेवर डाइव्हिंगच्या टेबलप्रमाणे खाली राहायला 20 मिनिटं मिळतात आणि 32 टक्के नायट्रॉक्सवर 30, इथे ती जास्तीची 10 मिनिटं म्हणजे सोनं.

करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, जोरात असतो. बोट दोरीने बांधलेली असते, ती दोरी धरूनच खाली उतरायचं, आणि वर यायची दोरी कुठली, शेजारी खूण काय, हे तिथेच डोक्यात पक्कं करायचं, कारण एकावेळी चार-पाच बोटी असल्या की सगळ्या दोऱ्या सारख्याच दिसतात.

पहिल्या डाइव्हला आत शिरूच नका, कितीही मोह झाला तरी. आधी मागच्या टोकाला तोफा आणि जहाजाचा पंखा (प्रोपेलर) बघा, मग स्फोटाने फाटलेला भाग, मग हळूहळू वर. दुसऱ्या डाइव्हला गाइडबरोबर आत, टॉर्च प्रत्येकाकडे हवाच. हवेचे तीन भाग करायचे: एक आत जायला, एक बाहेर यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही.

आत बेडफर्ड ट्रकच्या हौद्यात मोटरसायकली ओळीने उभ्या आहेत. टॉर्च तिरका धरला की आधी टायरची नक्षी दिसते, मग हँडल, मग मागे अजून एक, अजून एक... पुढे रबरी गमबुटांचा ढीग. इथे पाय वरखाली मारू नका, बेडकासारखी आडवी किक मारा, नाहीतर गाळ उठून मागच्याला काहीच दिसणार नाही. श्वास सोडलेले बुडबुडे छताला अडकतात आणि त्या हवेनं लोखंड अजून गंजतं, म्हणून आत रेंगाळू नका, आणि कशाला हात लावू नका, आठवण म्हणून एक बोल्टसुद्धा उचलू नका, माणसं गेलीयेत तिथे.

सिलिंडरमध्ये 50 बार (हवेच्या दाबाचं माप) उरेपर्यंत थांबू नका, 100 ला जहाजाबाहेर आणि दोरीकडे. वर येताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबताना दोरी घट्ट धरा, करंट तिथेही ओढतो.