प्लॅनिंगमध्ये नवीन आहात? आधी झाड नीट लावा, तारखा नंतर

मोठ्या प्रकल्पांच्या प्लॅनिंगच्या कामात मला आता नऊ वर्षं होतील आणि नवीन आलेली मुलंमुली मला पहिला प्रश्न जवळजवळ एकच विचारतात, एमएस प्रोजेक्ट शिकू का प्रायमाव्हेरा (दोन्ही कामांचं वेळापत्रक लावायची सॉफ्टवेअर). प्रश्न रास्त आहे, उत्तर खाली देतेच, पण त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून हे लिहायला बसले. तो प्रश्न म्हणजे मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे कसे. मोठं काम वर, त्याच्या पोटात छोटी कामं, त्यांच्या पोटात आणखी छोटी, या मांडणीलाच मी झाड म्हणते. सॉफ्टवेअर तुम्हाला ओळ आत ढकलायचं बटण देतं, नंबर आपोआप टाकतं, वरची ओळ ठळक करून देतं, पण कुठली ओळ कुणाच्या पोटात जायला हवी हे ते सांगत नाही आणि चुकीच्या जागी गेली तरी काही बोलत नाही.

माझी पहिली मोठी फाइल एका पाचमजली इमारतीच्या आतल्या कामाची होती, वायरिंग, प्लंबिंग, एसी, फॉल्स सीलिंग, रंग असं सगळं. मला साधारण सहाशे ओळींची एक्सेल शीट मिळाली, प्रत्येक टीमने आपापल्या पद्धतीने भरलेली, आणि ही एमएस प्रोजेक्टमध्ये आणून नीट लाव एवढंच सांगितलं. मी तीन दिवस बसून लावली, इंडेंट केलं (ओळी आत ढकलल्या), कुठल्या कामानंतर कुठलं याच्या लिंक जोडल्या, गँट चार्ट (कामांच्या तारखांच्या पट्ट्यांचा तक्ता) बघायला अगदी छान दिसत होता. आणि मग आठवड्याच्या मीटिंगमध्ये साधा प्रश्न आला, इलेक्ट्रिकल एकूण किती झालं? मी फाइलकडे बघतच राहिले, कारण खालच्या दोन मजल्यांची फांदी मजल्याप्रमाणे होती आणि आत कामं होती, वरच्या तीन मजल्यांची फांदी कामाप्रमाणे होती आणि आत मजले होते, आणि एसीवाल्यांची तर त्यांच्या सप्लायरप्रमाणे होती. वायरिंग तीन वेगवेगळ्या फांद्यांत विखुरलेलं. मीटिंग संपेपर्यंत मी हाताने ओळी निवडत होते आणि आकडा काही निघाला नाही. तारखा सगळ्या बरोबर होत्या बरं का, लिंक पण बरोबर होत्या, तरी फाइल उपयोगाची नव्हती.

संध्याकाळी आमच्या सिनिअर मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आधी सगळे तारखांचे कॉलम लपव. ड्युरेशन पण लपव. फक्त नावं ठेव." मी लपवले. मग म्हणाल्या, "आता कुठल्याही आईवर, म्हणजे जिच्या पोटात ओळी आहेत अशा ओळीवर, बोट ठेव आणि तिच्या मुलांना विचार, तुम्ही सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर आहात का?" मी "इमारत" या ओळीवर बोट ठेवलं, मुलं निघाली: पहिला मजला, दुसरा मजला, वायरिंग, प्लंबिंग, एसी सप्लायर. पहिली दोन "कुठे" याचं उत्तर, पुढची दोन "काय" याचं, शेवटचं "कोण" याचं. एका घरात तीन प्रश्नांची मुलं. चूक तेवढीच होती आणि ती मला सहाशे ओळींत तीन दिवस दिसली नव्हती.

तेव्हापासून मी हेच करते आणि तुम्हालाही हेच सांगेन, एका पातळीवर एकच प्रश्न. पहिल्या पातळीवर "कुठे" विचारलं तर सगळ्या फांद्यांत "कुठे"च, दुसऱ्या पातळीवर "काय" तर सगळीकडे "काय"च. मग लगेच मनात येतं की साहेबांना मजल्याप्रमाणे बघायचंय, इलेक्ट्रिकलच्या सरांना कामाप्रमाणे आणि बिलिंगवाल्यांना ठेकेदाराप्रमाणे, मग झाड कुणाच्या मनासारखं लावायचं? इथेच नवीन माणूस सगळ्यांना खूश करायला झाडाची खिचडी करतो. झाडात एकच दृष्टी मावते, बाकीच्या सगळ्या कोडमध्ये टाकायच्या. एमएस प्रोजेक्टमध्ये टेक्स्ट १, टेक्स्ट २ असे मोकळे कॉलम असतात, एकाला नाव द्या "ट्रेड" (कामाचा प्रकार, म्हणजे इलेक्ट्रिकल, प्लंबिंग वगैरे), दुसऱ्याला "ठेकेदार", प्रत्येक ओळीत भरा आणि ग्रुप बायने हवं तसं बघा. प्रायमाव्हेरात याच कामाला अॅक्टिव्हिटी कोड आहेत. एकदा हे केलं की इलेक्ट्रिकल किती झालं याचं उत्तर द्यायला दोन क्लिक पुरतात, झाडाला हात लावायची गरजच नाही. मुळात झाड कुठल्या दृष्टीने लावायचं? माझं मत, ज्या तुकड्याचा ताबा देणार त्या तुकड्याप्रमाणे. मजला पूर्ण करून ताब्यात द्यायचा असेल तर मजला वर.

या झाडालाच आमच्याकडे डब्ल्यूबीएस म्हणतात, वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर. ही कल्पना अमेरिकेच्या संरक्षण खात्यातून आली, १९५० च्या दशकाच्या शेवटी पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही वेळापत्रक आखायची पद्धत काढली त्याच सुमारास, आणि १९६८ मध्ये त्यावर मिल-स्टँडर्ड ८८१ नावाचं मानकच निघालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी ९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संगणक संशोधकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाजारहाटाची यादी टाईप करून ती गटांत लावून, मिटवून, उघडून दाखवली होती. आपण आज फांदीच्या शेजारचा छोटा त्रिकोण दाबून ओळी मिटवतो ना, तेच. मला हे कळलं तेव्हा फार छान वाटलं, कारण त्या डेमोतसुद्धा यादी आधी होती आणि गट नंतर पडले. मी पण हल्ली झाड थेट सॉफ्टवेअरमध्ये करत नाही, आधी चिठ्ठ्यांवर कामं लिहून टेबलावर मांडते, किंवा टीम लांब असेल तर फ्रीमाइंड, एक्समाइंड असलं माइंडमॅपचं काहीतरी. कारण चिठ्ठी उचलून दुसरीकडे ठेवायला कोणाला संकोच वाटत नाही, पण फाइलमध्ये एकदा ओळ बसली की ती हलवायला सगळे घाबरतात.

आता दोन नियम जे पुस्तकात पण सापडतील. एक, शंभर टक्क्यांचा नियम. मुलांची बेरीज म्हणजे आई, कमी नाही आणि जास्त पण नाही. वाचायला सोपं आहे, पण प्रत्येक फांदीला "यातलं सगळं झालं तर वरचं खरंच झालं का?" असं विचारायला लागा आणि बघा काय काय बाहेर येतं. टेस्टिंग राहिलेलं असतं, मंजुऱ्या राहिलेल्या असतात, शेवटचे ड्रॉइंग जमा करणं, वापरणाऱ्यांना ट्रेनिंग देणं, साफसफाई. आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटची फांदी तर हमखास. मी दुसऱ्या एका कामात ट्रेनिंगची फांदी विसरले होते, मशीन बसून चालू झालं आणि चालवणारी माणसं तयार नव्हती, दोन आठवडे ताबा लांबला. दुसरा नियम तुकड्याच्या आकाराचा, आठ ते ऐंशी तास. म्हणजे सगळ्यात खालचं पॅकेज एका दिवसापेक्षा लहान नको आणि साधारण दोन आठवड्यांपेक्षा मोठं नको. हा अंदाज आहे, कायदा नाही, पण नवीन असताना धरून चाला.

नावांबद्दल थोडं जास्त बोलते कारण इथे सगळे निष्काळजी असतात. झाडाच्या ओळी म्हणजे वस्तू, त्यांना नाम द्या: "दुसऱ्या मजल्याचं वायरिंग". आणि अगदी खालच्या टास्क म्हणजे कृती, त्यांना क्रियापद द्या: "केबल ओढणे", "पॅनेल जोडणे". वर आणि खाली दोन्हीकडे क्रियापदं आली की थोड्याच दिवसांत फाइल म्हणजे नुसती करायच्या कामांची लांबलचक यादी होते आणि नेमकं हातात काय पडणार हे कोणाला कळत नाही. दुसरं म्हणजे टास्कचं नाव एकटं वाचलं तरी कळलं पाहिजे. "टेस्टिंग" असं नुसतं लिहू नका, कारण फाइल फिल्टर केली किंवा तारखेप्रमाणे लावली की आई गायब होते आणि तुमच्यासमोर चौदा वेळा "टेस्टिंग" उभं राहतं. "मजला २ – वायरिंग – टेस्टिंग" असं लिहा, टाईप करायला कंटाळा येतो हे मान्य, तरी लिहा.

सॉफ्टवेअरच्या आतल्या काही गोष्टी, ज्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. एमएस प्रोजेक्टमध्ये आल्ट-शिफ्ट धरून उजवा बाण दाबला की ओळ आत जाते, डावा दाबला की बाहेर येते. समरी ओळ (म्हणजे आई) डिलीट केली की तिच्या पोटातल्या सगळ्या ओळी तिच्याबरोबर जातात, म्हणून फक्त आईच काढायची असेल तर मुलं आधी बाहेर काढा. लिंक समरीला जोडू नका, खालच्या टास्कलाच जोडा, नाहीतर तारीख का सरकली ते शोधताना डोकं धरून बसाल. आणि २०१० च्या आवृत्तीपासून नवीन टास्क मॅन्युअल मोडमध्ये येतात, म्हणजे लिंकप्रमाणे त्यांच्या तारखा आपोआप हलत नाहीत, ते सेटिंग पहिल्याच दिवशी ऑटोवर करून घ्या.

पण सगळ्यात महत्त्वाचं समरीचे टक्के. हे नीट वाचा कारण यावर मी भल्याभल्यांना फसलेलं बघितलंय. समजा "एसी" अशी समरी आहे, आत तीन टास्क: मशीन मागवून येणे ४० दिवस, बसवणे ६ दिवस, टेस्टिंग ४ दिवस. एकूण ५०. मशीन आलं, गोडाऊनमध्ये पडलंय, साइटवर एक खिळा ठोकलेला नाही, आणि समरी दाखवते ८० टक्के पूर्ण. कारण एमएस प्रोजेक्ट हे टक्के दिवसांवर काढतो, ४० भागिले ५०, मेहनतीवर नाही. रिपोर्ट वर जातो, सगळे खूश, आणि बसवायचं काम सुरू होईपर्यंत आकडा हलत नाही म्हणून तुम्हाला जाब विचारतात. उपाय परत झाडातच आहे, खरेदीची फांदी वेगळी ठेवा, साइटच्या कामाची वेगळी, वाट बघण्याचे दिवस आणि राबण्याचे दिवस एका आईखाली मिसळू नका. टास्कना माणसं आणि तास लावलेले असतील तर टक्के वर्क कम्प्लीट हा कॉलम बघा, तो तासांवर चालतो.

आता एमएस प्रोजेक्ट का प्रायमाव्हेरा. प्रायमाव्हेरा १९८३ पासूनचं, २००८ मध्ये ओरॅकलने घेतलं, मोठ्या बांधकामात, तेल-वायूच्या कामात तेच चालतं. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे झाड आणि टास्क तिथे वेगळ्या वस्तू आहेत. आधी ईपीएस (कंपनीच्या सगळ्या प्रोजेक्टची मांडणी), मग प्रोजेक्ट, मग डब्ल्यूबीएस, आणि अॅक्टिव्हिटी, म्हणजे तिथली टास्क, त्या झाडाला टांगायची. त्यामुळे तुम्हाला झाडाचा विचार करावाच लागतो. फांदी काढायला गेलात तर ते विचारतं पण, आतल्या अॅक्टिव्हिटी वरच्या फांदीत मिसळू का सगळंच काढू. एमएस प्रोजेक्टमध्ये टास्कच इंडेंट होऊन समरी बनते, सोपं आहे, पटकन हात बसतो, म्हणून शिस्त सुटते. माझा सल्ला, नोकरीच्या जाहिराती बघा, तुमच्या क्षेत्रात जे मागतात ते शिका, आणि लायसन्स नसेल तर प्रोजेक्टलिब्रे किंवा गँटप्रोजेक्ट फुकट मिळतात, झाडाचा सराव करायला दोन्ही पुरेसे आहेत. एक आलं की दुसरं शिकायला फार वेळ लागत नाही. सर्टिफिकेट हवंच असेल तर अनुभव नसलेल्यांसाठी पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेचं सीएपीएम आहे, त्याला २३ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, पण इंटरव्ह्यू घेताना मी सर्टिफिकेटच्या आधी फाइल मागते.

हो, स्वतः केलेली फाइल घेऊन जा इंटरव्ह्यूला. खरं काम नसेल तर माहितीतलं काहीतरी घ्या, कॉलेजचा वार्षिक कार्यक्रम, ग्रंथालय एका जागेवरून दुसरीकडे हलवणे, काहीही, पण साठ-सत्तर ओळींचं आणि पूर्ण. मी समोरच्याला एकच विचारते, ही फांदी अशी का पाडलीस? "टेम्प्लेटमध्ये होती" हे उत्तर आलं की पुढे विचारायला फारसं काही उरत नाही. आणि "मी आधी विभागाप्रमाणे पाडली होती, पण पुस्तकं हलवायचं काम तीन विभागांत फुटत होतं म्हणून दालनाप्रमाणे केली" असं कोणी म्हणालं की मला त्या माणसाबरोबर काम करावंसं वाटतं, मग त्याला शॉर्टकट येत नसले तरी चालतील, ते आठवड्यात येतात.

फाइल कोणाला पाठवायच्या आधी अजून एक करा, मी अजूनही दर वेळी करते. सगळ्या फांद्या मिटवून फक्त दुसऱ्या पातळीपर्यंत उघडा, तारखा लपवा, आणि ज्याचा या कामाशी संबंध नाही अशा एखाद्याला त्या पंधरा-वीस ओळी वाचायला द्या. तो कुठे अडखळतो ते बघा. तिथेच आधी दुरुस्ती करा.