कोलोनला कमी बजेटमध्ये राहायचंय? हॉटेलच्या आधी तारखा बघा

कोलोनला जायचं ठरलं की सगळे पहिलं विचारतात, कुठल्या एरियात राहू. मी म्हणेन एरिया नंतर बघू, आधी तारीख सांगा. कारण जर्मनीतल्या मोठ्या शहरांत हॉटेलचा रेट स्टार्सपेक्षा आणि एरियापेक्षाही त्या दिवशी शहरात काय चालू आहे त्यावर ठरतो. तीच छोटीशी रूम, तोच बेड, साध्या दिवशी चेन हॉटेलात साधारण 70 ते 100 युरोत मिळून जाते आणि दोन आठवड्यांनी तिचाच रेट दुप्पट, कधी तिप्पट दिसतो.

याचं मुख्य कारण म्हणजे मेसे, म्हणजे ट्रेड फेअर. कोलोनचं मेसे ग्राउंड ऱ्हाइन नदीच्या पलीकडे डॉइट्झ भागात आहे, मेन स्टेशनपासून ट्रेनने फक्त एक स्टॉप, त्यामुळे फेअर असला की तिकडची आणि शहरातलीही हॉटेलं भरतात. ऑगस्टमध्ये गेम्सकॉम असतं, त्याला सगळ्या जगातून गेमिंगवाली मंडळी येतात. विषम वर्षी, म्हणजे 2027 मध्ये वगैरे, ऑक्टोबरला अनुगा हा अन्नपदार्थांचा प्रचंड मोठा फेअर असतो आणि त्याच वर्षांत मार्चला दातांच्या डॉक्टरांचा आयडीएस. एप्रिलमध्ये फिबो हा फिटनेसचा. त्याशिवाय कार्निव्हल! तो 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी सुरू होतो, त्या दिवशी गर्दी असतेच, पण खरा धुडगूस फेब्रुवारी-मार्चमध्ये, गुरुवारपासून रोझेनमोंटागच्या सोमवारपर्यंत. तो अनुभव घ्यायचाच असेल तर जरूर जा, फक्त तेव्हा स्वस्त रूमची अपेक्षा ठेवू नका आणि कितीतरी महिने आधी बुक करा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून 23 डिसेंबरच्या आसपासपर्यंत ख्रिसमस मार्केट असतात, त्यातले वीकेंड महाग जातात, त्याच आठवड्यातले मंगळवार-बुधवार बरे पडतात.

तर करायचं काय, हॉटेलच्या ॲपवर जायच्या आधी कोलोन मेसेच्या साइटवर वर्षाचं कॅलेंडर उघडा, आपल्या तारखांच्या आगेमागे दोन दिवस काय आहे ते बघा. डॉइट्झमध्येच लँक्सेस अरेना आहे, तिथे मोठी कॉन्सर्ट असेल तर तेवढ्या एका रात्रीसाठीसुद्धा रेट उडतात, म्हणून तेही चेक करा. आणि कॅलेंडरमध्ये काही सापडलं नाही तरी एक सोपी युक्ती आहे, एकच हॉटेल धरा आणि त्याचा रेट आठवडाभर मागे-पुढे करून बघत जा, मधेच आकडा एकदम वर गेला तर समजायचं की त्या दिवशी काहीतरी आहे, आपण बाजूला सरकायचं. रविवारची रात्र बहुतेक वेळा स्वस्त असते, कारण वीकेंडवाले निघून गेलेले असतात आणि ऑफिसच्या कामाने येणारे अजून आलेले नसतात. तारखा हलवता येत असतील तर याच्याइतकी बचत दुसऱ्या कशानेच होत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

तारखा हलवता येत नसतील तर शहर हलवा. बॉन रिजनल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आहे, लेव्हरकुझेन तर पंधरा-वीस मिनिटांवर, आणि ड्युसेलडॉर्फही साधारण अर्धा तास. फक्त ड्युसेलडॉर्फचं स्वतःचं मोठं मेसे आहे, नोव्हेंबरमध्ये तिथे मेडिका हा वैद्यकीय फेअर असतो, म्हणजे कोलोन टाळून तिकडे गेलात आणि तिथेच अडकलात असं व्हायला नको, दोन्हीकडचं कॅलेंडर बघा. बॉन मला जास्त आवडतं, शांत गाव आहे, नदीकाठ सुंदर आहे, बीथोवनचं जन्मघर तिथेच. पण बाहेरगावचं हॉटेल घेताना ते तिथल्या स्टेशनपासून चालत किती लांब आहे ते आधी बघा. ट्रेनची वीस मिनिटं अधिक बसची वाट बघायची वीस मिनिटं अधिक चालणं असा हिशोब झाला तर रोजचा दीड तास जातो, आणि रात्री उशिरा परतणं हा वेगळा ताप. तिकिटाचे पैसेही रूमच्या रेटमध्ये मिळवा आणि मगच स्वस्त म्हणा.

आता एरिया. कोलोनचं मेन स्टेशन, हाउप्टबानहोफ, कॅथीड्रलच्या अगदी शेजारी आहे, बाहेर पडलं की समोर डोमच, म्हणजे हेच कॅथीड्रल. स्टेशनच्या मागच्या बाजूला ब्रेस्लाउअर प्लाट्झ आणि त्याच्या पुढे आयगेलश्टाइन, इथे साधी छोटी हॉटेलं बरीच आहेत, टर्किश खाणावळी, बेकऱ्या, किराणा सगळं चालत जाण्याइतकं जवळ. स्टेशनजवळ असतो तसा थोडा गजबजाट आणि काही कोपऱ्यांत कळकटपणा आहे, पण एकदोन रात्रींसाठी आणि पहाटेच्या ट्रेनसाठी याहून सोयीचं काही नाही. फॅमिलीला मी डॉइट्झ सुचवेन, मेसे नसेल तेव्हा. होहेनझोलर्न पुलावरून चालत पंधरा मिनिटांत डोमपाशी पोचता, पुलाच्या जाळीला प्रेमिकांनी लावलेली ती हजारो कुलपं बघत बघत, आणि डोमचा सगळ्यात छान व्ह्यू नदीच्या डॉइट्झकडच्या काठावरूनच दिसतो. तरुण मंडळींना एहरेनफेल्ड आवडेल, कॅफे, भिंतींवरची चित्रं, एसबान म्हणजे लोकल ट्रेनने मेन स्टेशन दोन स्टॉप. आल्टश्टाट म्हणजे जुनं शहर फोटोत गोड दिसतं पण खाली बार असतात, रात्री झोपेचं खोबरं होतं, आणि झ्युल्पिशर श्ट्रासेच्या आसपास कॉलेजच्या पोरांची पार्टी चालते, लहान मुलं बरोबर असतील तर हे दोन्ही टाळा.

राहायच्या जागेचे प्रकारही माहीत असू द्या. मोटेल वन, आयबिस बजेट, बी अँड बी, ए अँड ओ, माइनिंगर अशा चेन आहेत, रूम लहान पण स्वच्छ, आणि काय मिळणार हे आधीच कळतं. हॉटेल गार्नी लिहिलेलं दिसलं तर तिथे फक्त नाश्ता मिळतो, जेवण नाही, ही बहुतेक घरगुती चालवलेली छोटी हॉटेलं असतात आणि मला तरी चेनपेक्षा यांच्यात जास्त माया वाटते. युगेंडहेरबेर्गे म्हणजे यूथ हॉस्टेल, कोलोनमध्ये डॉइट्झ आणि रील या दोन ठिकाणी आहेत, नाव यूथ असलं तरी मोठी माणसं आणि कुटुंबं आरामात राहतात, फॅमिली रूम मिळतात, नाश्ता रेटमध्येच धरलेला असतो. तिथे मेंबरशिप लागते, पण हॉस्टेलिंग इंटरनॅशनलचं कार्ड चालतं, आणि यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया त्याच संघटनेत आहे, तेव्हा तुमच्याकडे तिचं कार्ड असेल तर आधी मेल करून विचारून घ्या. एकट्याने फिरणाऱ्यांना हॉस्टेलमधला डॉर्मचा बेड सगळ्यात स्वस्त, मुलींसाठी वेगळे डॉर्म बऱ्याच ठिकाणी असतात, फक्त टॉवेल आणि लॉकरचं कुलूप स्वतःचं न्या.

बुक करायच्या आधी बारीक अक्षरं वाचायची, इथे घाई करू नका. कोलोन महापालिका राहण्याच्या बिलावर 5 टक्के टॅक्स घेते, तो कधी रेटमध्ये धरलेला असतो तर कधी काउंटरवर वेगळा मागतात. बर्लिनमध्ये हाच टॅक्स 2025 पासून साडेसात टक्के आहे आणि म्युनिकमध्ये असा टॅक्स नाहीच, त्यामुळे दोन शहरांचे रेट कम्पेअर करताना शेवटची टोटल बघा. एसी गृहीत धरू नका, बजेट हॉटेलांत बऱ्याचदा नसतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये चांगलंच उकडू शकतं, उन्हाळ्यात जात असाल तर फिल्टरमध्ये एसी टिक करा किंवा अंगणाच्या बाजूची रूम मागा, ती थंडही असते आणि शांतही. जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नसते, आईबाबांना घेऊन जाणार असाल तर हे आधी विचारायलाच हवं. डबल बेड म्हणजे बहुतेक वेळा शेजारी शेजारी दोन गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं. काही स्वस्त रूममध्ये बाथरूम कॉमन असतं, बाहेर पॅसेजमध्ये, ते रेट बघून लक्षात येत नाही. दोघांच्या रूममध्ये तिसरा माणूस गुपचूप झोपवायचा विचारही करू नका, मूल दोन वर्षांचं असलं तरी बुकिंगमध्ये वय टाका, बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना पैसे लागत नाहीत आणि पाळणाही मिळतो, पण सांगितलेलं असायला हवं.

आणि रिसेप्शनची वेळ! छोट्या हॉटेलांत संध्याकाळनंतर काउंटरवर कुणीच नसतं, चावी भिंतीवरच्या डब्यात ठेवतात आणि कोड मेलवर पाठवतात. तुमची ट्रेन रात्री 11 ला पोचणार असेल तर आधी कळवा, कोड फोनमध्ये सेव्ह करा, स्क्रीनशॉट काढा, नेट नसताना तोच उपयोगी पडतो. काही छोटी पेन्शन, म्हणजे घरगुती लॉज, क्रेडिट कार्ड घेत नाहीत, तेव्हा पहिल्या रात्रीपुरते युरो कॅश ठेवा.

बुकिंग कधी करायचं, तर व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतोच, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणून सुरुवातीला फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, भले चार युरो जास्त पडोत. व्हिसा हातात आल्यावर परत एकदा रेट बघा, कमी झाला असेल तर नवीन बुक करून मगच जुनं कॅन्सल करायचं, उलट क्रमाने नाही. नॉन-रिफंडेबल स्वस्त दिसतं पण पासपोर्ट व्हिसा सेंटरमध्ये पडलेला असताना ते घेण्यात अर्थ नाही. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरही एकदा बघा, कधी तिथे नाश्ता किंवा उशिरा चेकआउट जास्तीचं मिळतं.

येण्याजाण्याचा खर्च पण यातच धरा. बरेच जण फ्रँकफर्टला उतरतात, एअरपोर्टच्याच स्टेशनवरून आयसीई ही वेगवान ट्रेन कोलोनला तासाभरात आणते. लवकर काढलेलं श्पारप्राइस, म्हणजे सवलतीचं, तिकीट खूप स्वस्त असतं पण ते त्याच ट्रेनला बांधलेलं असतं, विमान उशिरा आलं तर तिकीट वाया जातं, तेव्हा मधे दोन-तीन तास मोकळे ठेवा. जर्मनीत जास्त दिवस फिरणार असाल तर डॉइचलांडटिकेट बघा, 2026 च्या जानेवारीपासून महिन्याला 63 युरो, देशभरातल्या रिजनल ट्रेन, एसबान, ट्राम, बस सगळं चालतं, आयसीईमध्ये मात्र नाही. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, 20 तारखेला घेतलं तरी महिनाअखेरीला संपतं, आणि सबस्क्रिप्शन असल्यामुळे त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. हे तिकीट असेल तर फ्रँकफर्टहून कोब्लेंझमार्गे रिजनल ट्रेननेही येता येतं, तीनेक तास लागतात पण ऱ्हाइनच्या काठाने, किल्ले आणि द्राक्षांचे मळे बघत, दमलेले नसाल तर जरूर करा.

खाण्याचं थोडक्यात. हॉटेलचा नाश्ता माणशी 10-15 युरोच्या पुढे असेल तर घेऊ नका, कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेड रोल, चीज आणि कॉफी त्याच्या निम्म्यात होते. रूममध्ये किटली बहुतेक नसते, चहाशिवाय सकाळ होत नसेल तर छोटी ट्रॅव्हल किटली न्या, पण रूममध्ये खिचडी शिजवायच्या भानगडीत पडू नका, स्मोक अलार्म वाजला तर भुर्दंड बसू शकतो. स्वतः शिजवायचं असेल तर किचन असलेलं हॉस्टेल किंवा अपार्टमेंट घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेतल्यात तर प्लॅस्टिकच्या बाटलीवर बहुतेक वेळा 25 सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये परत टाकली की मिळतं. रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारीच आल्डी, लिडल किंवा रेवेमधून दूध-फळं आणून ठेवा, विसरलात तर मेन स्टेशनमधली दुकानं उघडी असतात पण महाग. शाकाहारी लोकांनी कोलोनच्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या जुन्या धाटणीच्या खाणावळीत, हाल्वे हान मागवा, राय ब्रेडचा रोल, चीजचा जाडजूड तुकडा, मोहरी आणि कांदा, पोट भरतं.

चेक-इनला सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा, परदेशी पाहुण्यांना मेल्डशाइन नावाचा नोंदणीचा फॉर्म भरून सही करावी लागते, जर्मन नागरिकांसाठी तो 2025 पासून बंद झालाय पण आपल्यासाठी आहे. रूम साधारण दुपारी 3 नंतर मिळते, सकाळी पोचलात तर बॅगा रिसेप्शनला ठेवून फिरायला निघा, बहुतेक ठिकाणी याचे पैसे घेत नाहीत. आपल्या तीन पिनचा प्लग तिथे लागत नाही, ॲडॉप्टर इथूनच न्या. रात्री 10 नंतर आवाज कमी, भिंती पातळ असतात आणि शेजारचे खरंच तक्रार करतात. आणि निघायच्या दिवशी चेकआउट 11 किंवा 12 ला करून बॅगा परत तिथेच ठेवा, संध्याकाळची ट्रेन असेल तर पूर्ण दिवस हाताशी मिळतो, आणि हॉटेल लांब असेल तर मेन स्टेशनवर लॉकरची सोय आहेच.