कॅनव्हातील व्हिडिओ पाठवताना मराठी अक्षरे कशी जपावीत

कोल्हापुरात तालीम मंडळाचे निमंत्रण असो किंवा गुजरीतल्या सराफी दुकानाची जाहिरात, व्हिडिओ कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपवर तयार होतो आणि लोकांपर्यंत जातो तो व्हॉट्सॲपवरून. ‘शेअर दाबा, की काम झाले’ हा सल्ला मात्र अपुरा आहे.

व्हिडिओ पूर्ण झाल्यावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यातील ‘शेअर’मधून ‘डाउनलोड’ निवडावे, फाइलचा प्रकार ‘एमपी४ व्हिडिओ’ ठेवावा आणि दर्जा १०८०पी असावा. जीआयएफ घेऊ नये, त्यात आवाज येत नाही. एकाच डिझाइनमध्ये दोन वेगळ्या जाहिराती असतील, तर हवी तेवढीच पाने निवडावीत. नाहीतर सर्व पाने एकामागून एक जोडली जाऊन एकच लांब व्हिडिओ उतरतो.

खरी अडचण यापुढे सुरू होते. एका मंडळासाठी मी केलेल्या निमंत्रणात कार्यक्रमाची वेळ ‘९ वाजता’ अशी बारीक अक्षरांत होती. मी फाइल गॅलरीतून नेहमीप्रमाणे पाठवली, ती चार गटांतून फिरली आणि सायंकाळपर्यंत ज्येष्ठ मंडळी ‘कार्यक्रम सकाळी ९ चा, की दुपारी १ चा?’ असे विचारू लागली. माझ्या संगणकावर तो आकडा स्वच्छ दिसत होता. गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सॲप लहान करते आणि त्यात बारीक तपशील आधी जातो. आपल्या लिपीत तर अनुस्वार, रफार आणि मात्रा हाच बारीक तपशील असतो. ‘चांदी’वरचा ठिपका पुसला गेला, तर हुपरीच्या पैंजणांची जाहिरातही ओशाळवाणी दिसते.

म्हणून व्हिडिओ गॅलरीतून न जोडता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. तसा पाठवलेला व्हिडिओ मूळ दर्जात पोहोचतो आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते. ‘गॅलरीतून पाठवतानाच एचडी (जास्त दर्जा) निवडा, पुरे आहे’ असे सांगणाऱ्यांवर विसंबू नये. एचडीमध्येही दर्जा उतरतो, फक्त कमी उतरतो. पुढे पाठवणाऱ्यांना ‘तीच फाइल फॉरवर्ड करा’ असे स्पष्ट बजावावे, कारण कोणी ती उतरवून पुन्हा गॅलरीतून पाठवली, तर सारे कष्ट वाया जातात.

स्टेटसला हा मार्ग उपलब्ध नाही, तेथे दर्जा उतरणारच. त्यामुळे मजकुराची मांडणीच तशी करावी लागते: जाड वळणाचा फॉन्ट, मोठा आकार आणि स्थिर, एकरंगी पार्श्वभूमी. मिरवणुकीच्या हलत्या गर्दीवर अक्षरे ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मी त्याला ठामपणे विरोध करतो. लहान केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक सेकंदासाठी माहिती मोजकीच साठवता येते. ती गर्दीची हालचाल दाखवण्यातच खर्च होते आणि अक्षरांच्या कडा विरघळतात. तारीख, वेळ आणि ठिकाण यांना शेवटी स्वतंत्र पान द्यावे आणि ते निदान चार सेकंद स्थिर ठेवावे. गटात टाकण्यापूर्वी व्हिडिओ स्वतःच्याच क्रमांकावर पाठवून छोट्या पडद्याच्या फोनवर एकदा वाचून पाहावा. संगणकावर पाहिलेला व्हिडिओ तपासला असे मी मानत नाही.

फाइलऐवजी कॅनव्हातील डिझाइनचा दुवा (लिंक) पाठवायचा असल्यास परवानगी ‘कॅन व्ह्यू’, म्हणजे फक्त पाहण्याची, हीच असावी. ‘कॅन एडिट’चा, म्हणजे बदल करू देणारा, दुवा मोठ्या गटात गेला, की कोणाचेही बोट लागून मजकूर बदलू शकतो आणि तो बदल दुवा उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. मंडळातील दोघा-तिघांना दुरुस्तीसाठी तो हक्क द्यायचा असेल, तर त्यांना ई-मेलने स्वतंत्र निमंत्रण द्यावे. कार्यक्रम पार पडल्यावर दुव्याची परवानगी पुन्हा स्वतःपुरती करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच डिझाइनवर काम करताना अर्धवट मजकूर जुन्या दुव्यावरून कोणाला दिसणार नाही.