बाबांची सिगरेट सोडवायचीय? आधी पाकीट लपवणं सोडा

आमच्याकडे पाकीट लपवणं, टोमणे, आईची शपथ सगळं करून झालं, फरक एवढाच पडला की बाबा गॅलरीऐवजी खाली टपरीवर जाऊन ओढायला लागले. तर जे उपयोगी पडलं ते सांगते.

बोलायची वेळ नीट निवडा. ऑफिसातून लोकलचे धक्के खाऊन आलेल्या माणसासमोर विषय काढला की भांडणच होणार. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बोला, आणि "कॅन्सर होईल" नको, तो फोटो ते रोज पाकिटावर बघतातच. "कधी सोडून बघितलीत का हो, काय झालं होतं तेव्हा?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसून ऐका, हेच सगळ्यात अवघड आहे. आमचे बाबा म्हणाले, सोडली होती, तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. म्हणजे इच्छा होती, मदत नव्हती!

मग त्याच पाकिटावरचा नंबर दाखवा, 1800-11-2356. सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. सोमवारी बंद असते, म्हणूनही रविवार बरा. समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. फोन बाबांनीच करायचा, तुम्ही फक्त शेजारी बसा, मधे मधे "खरं सांगा ना किती ओढता" करू नका.

निकोटिनची गोळी (म्हणजे निकोटिन गम, चोखायची लॉझेंज नव्हे) डॉक्टरांना विचारून घ्या, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर नक्कीच. ती साध्या च्युइंगगमसारखी चघळत बसायची नसते, थोडी चावायची, तिखट लागली की गालात धरून ठेवायची. आणि गोळीच्या आधी 15 मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा नाही, निकोटिन नीट शोषलं जात नाही. कटिंगवर जगणाऱ्या माणसाला हे आधीच सांगा नाहीतर म्हणतील गोळी फालतू आहे.

पहिला आठवडा चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही, हे होतंच, मनाला लावून घेऊ नका. तलफ साधारण 5 ते 10 मिनिटांत ओसरते, तेवढ्यात बडीशेप द्या नाहीतर खाली भाजी आणायला पाठवा (टपरी नसलेल्या बाजूने).

परत ओढली तर? बऱ्याच जणांना दोन-चार वेळा प्रयत्न करावे लागतात. ओरडू नका, कुठे आणि कोणाबरोबर ओढली ते विचारा, आणि परत तोच नंबर लावायला द्या.