'गाव ऐकत नाही' म्हणण्याआधी या चुका टाळा

श्रावणातली गोष्ट, लातूरच्या औसा तालुक्यातली. शाश्वत शेतीसाठी आम्ही ज्यांच्याबरोबर काम करतो त्या गटातल्या एका मामांच्या सोयाबीनवर आम्ही निंबोळी अर्क फवारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पारावर आले. हातात सोयाबीनचं पान, पानावर उंटअळी, आणि ती मजेत पाठीची कमान करत चाललेली. "ही बघा तुमची मेलेली अळी." सगळा पार हसला. त्या हंगामात गावात निंबोळीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

चूक मामांची नव्हती. आम्ही भर अकराच्या उन्हात फवारणी केली होती आणि उन्हात निंबोळीचा अंश टिकत नाही. अळी चांगली मोठी झाल्यावर फवारलं होतं, तिथे अर्क फारसा चालत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे निंबोळीनं अळी पटकन मरत नाही, ती आधी खायचं सोडते, कात टाकता येत नाही म्हणून काही दिवसांनी गळते, हे मामांना सांगितलंच नव्हतं. त्यांना दुकानातल्या औषधाची सवय: संध्याकाळी मारलं की सकाळी अळ्या खाली.

गावोगावच्या शेतकरी गटांबरोबर, बचत गटांबरोबर काम करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, 'गाव ऐकत नाही'. मला तसं वाटत नाही. गाव ऐकतं, पण पहिल्या वर्षी घट आली तर ती कोणाच्या खिशातून जाणार, हा हिशोब ते आपल्याआधी करून बसलेलं असतं. आपण बोलून निघून जातो, उधारी त्यांच्या नावावर राहते. खालच्या बऱ्याच चुका या हिशोबाकडे कानाडोळा केल्यानं होतात. माझ्या हातूनही झाल्या आहेत.

सगळं रान एकदम बदलायला लावणं

तीन एकरवाल्याला 'यंदापासून रासायनिक बंद' असं सांगणं म्हणजे त्याच्या घरच्या वर्षाचा जुगार खेळणं. वर्षानुवर्षं युरिया, डीएपीवर चाललेली जमीन एका हंगामात सावरत नाही, उत्पादन घटतंच. अर्धा एकर घ्या, फार तर एक. बाकीचं रान त्याला हवं तसं करू द्या.

लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांबरोबर उभं केलेलं 'एक एकर' मॉडेल याच विचारावर चालतं. घरच्या रानातला तुकडा बाईनं मागून घ्यायचा, त्यात आधी घरच्या ताटातलं पिकवायचं: डाळी, भाजीपाला, धान्य. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा (यूएनडीपी) इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी सगळं रान पणाला लावा असं कोण कोणाला सांगणार? तुकडा मागणं मात्र घरात चालून जातं. नवरा म्हणतो, घे बाई एवढा.

दावण रिकामी, तिथे जीवामृताचा आग्रह

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून जमिनीला द्यायचं द्रावण: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. कृती आता पाठ झालेली आहे, फळ्यावर लिहायचीही गरज नाही. प्रश्न दुसऱ्याच ओळीत अडकतो. एका वस्तीवर मी तासभर बोललो. शेवटी एक आजी म्हणाल्या, "शेण कुठलं आणू बापू? बैलं इकून दोन साल झाले." तेव्हापासून बैठकीआधी गोठे बघतो.

ज्याच्याकडे जनावरं आहेत त्या एका-दोघांनी जीवामृताचा ढोल (पिंप) भरायचा आणि बाकीच्यांनी पैसे देऊन न्यायचं, हे जमतं. फुकट वाटलं की ढोल धुवायलाही कोणी येत नाही. जनावरं मुळीच नसतील तर सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) पेटवण्याऐवजी कुजवण्यापासून सुरुवात करा.

ढोल बिघडला की काय झालं ते वासावरून कळतं. आंबूस वास चांगला. नाक धरावं असा सडका वास आला तर बहुधा ढवळणं राहिलंय किंवा ढोल उन्हात आहे. सावलीत ठेवा, रोज दोनदा काठीनं ढवळा, तोंडाला गोणपाट बांधा, झाकण आवळून लावू नका. दोन दिवसांत तयार होतं, आठवडाभरात संपवा. कोरड्या जमिनीत ओतलं तर पैसे मातीत. रान ओलं असतानाच द्या.

निंबोळीचंही तसंच. ऑगस्टमध्ये अळी दिसल्यावर निंबोळ्या शोधायला गेलं की झाडाखाली काही उरलेलं नसतं. त्या जूनमध्ये वेचायच्या, सावलीत वाळवायच्या. ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, फडक्यातून दोनदा गाळून १०० लिटर पाण्यात, जोडीला थोडा साबण. गाळण्यात आळस केला तर नोझल तुंबतं आणि फवारणारा पंप आपटून घरी जातो. फवारणी दिवस कलल्यावर.

बियाण्याची शंभर दाण्यांची परीक्षा न घेणं

नवीन पद्धती शिकवायच्या नादात ही बिनखर्ची गोष्ट राहते. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत गुंडाळून ठेवा, सहा-सात दिवसांनी मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलोनं पेरा. कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा, ६० च्या खाली गेले तर ते बी पेरूच नका. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक. पोतं खांद्यावरून धाडकन टाकलं किंवा थप्पी उंच लावली तरी उगवण जाते. हमालाला आधी सांगून ठेवा.

बीजप्रक्रियेचा क्रमही उलटा होतो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, रायझोबियम (मुळांना नत्र पुरवणारे जिवाणू) सगळ्यात शेवटी, सावलीत. उलट केलं तर जिवाणू मरतात आणि जैविक खतावरचा विश्वासही जातो.

आणि मृगाच्या पहिल्या सरीला पेरू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही शेजाऱ्याची तिफण चालली की पाय थांबत नाहीत. दुबार पेरणीत गेलेला पैसा परत येत नाही, आणि त्या वर्षी शाश्वत शेतीबद्दल ऐकायला कोणाला सवड नसते.

ज्वारी पौष्टिक असते एवढंच सांगत सुटणं

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा गावोगाव भाषणं झाली. मराठवाड्यातल्या बाईला ज्वारी पौष्टिक असते हे सांगणं म्हणजे मासोळीला पोहायला शिकवणं. ती का सुटली ते विचारा.

एक, पाखरं. शिवारात सगळीकडे सोयाबीन, हरभरा असताना एकट्यानं दोन एकर ज्वारी पेरली तर गावची सगळी पाखरं त्याच्याच रानात उतरतात. त्याला पोटरीपासून (कणीस बाहेर पडण्याआधीपासून) काढणीपर्यंत गोफण घेऊन उभं राहावं लागतं, किंवा मजुरी देऊन कोणाला उभं करावं लागतं. एकट्या शेतकऱ्याला ज्वारीचं प्रात्यक्षिक देणं ही मी केलेली सगळ्यात महागडी चूक. त्याच्या पदरात कणसं कमी आणि शेजाऱ्यांच्या थट्टा जास्त आल्या. आता आम्ही बांधाला बांध लागून पाच-सहा जण तयार असतील तरच ज्वारीचं नाव काढतो, म्हणजे पाखरांचा घास वाटला जातो आणि राखणही पाळीनं होते. कडेला करडईची दोन तासं टाकली की मोकाट जनावरंही काट्यांना बिचकतात. ही जुन्यांचीच युक्ती.

दुसरं कारण काढणी. वाकून ज्वारी उपटायला आता माणूस मिळत नाही. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच करतो, मजुरीबरोबर कडब्याचाही हिशोब मांडतो. ज्यांच्या दारात दुभतं आहे त्यांना तो पटतो, बाकीच्यांना नाही पटत, आणि त्यांचं बरोबर आहे.

तिसरं कारण चुलीजवळचं. चक्कीवर गव्हामागून ज्वारी दळली जाते, पीठ आठवडाभराचं एकदम आणलं जातं, त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना चिरते. नवी सून म्हणते, मला येत नाही. येत असतं, पीठच शिळं असतं. दोन-तीन दिवसांपुरतंच दळून आणा, विरी गेलीच असेल तर आधणाचं पाणी घालून मळा. बचत गटाच्या बैठकीत मी वाणांवर बोललो तेव्हा शांतता होती, विरीवर बोललो तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्यानंतरच कोणीतरी परभणी शक्तीचं बियाणं कुठे मिळतं ते विचारलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काढलेलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं.

बटईवाल्याला मालकासारखं समजणं

बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याचं रान करणारा शेणखत टाकायला तयार होत नाही, कारण पाडव्याला रान दुसऱ्याकडे जाऊ शकतं. त्याला आळशी म्हणू नका. त्याच हंगामात पैसे परत देणाऱ्या गोष्टी सांगा: उगवण चाचणी, बीजप्रक्रिया, रुंद सरी वरंबा (रुंद गादीवर पेरणी, मधे सऱ्या).

माल निघण्याआधी प्रमाणपत्र

पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची हमी देण्याच्या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांची शेतं एकमेकांनी तपासायची असतात. कागद झटपट होतात, वही मात्र कोणी लिहीत नाही. कोणत्या दिवशी काय टाकलं याची वही नसेल तर तपासायला येणाऱ्यापुढे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आधी एक हंगाम वही लिहा, शाळेतल्या पोराकडून लिहून घेतली तरी चालेल. आणि मोंढ्यात सेंद्रिय तुरीला वेगळा भाव मिळेल असं वचन देऊ नका. आडतीवर सगळी तूर एकाच ढिगात जाते. वेगळं गिऱ्हाईक बहुतेक गावाबाहेर, ओळखीनं मिळतं.

बैठक चुकीच्या वेळी

दुपारी तीनला ग्रामपंचायतीत बैठक ठेवली की पुरुष येतात, खुरपणारी बाई रानात असते. बियाणं राखते ती, भाकरी थापते ती, आणि यादीवर सही दुसऱ्याची.

लातूर-धाराशिवकडे आम्ही आता येळवशीची वाट बघतो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खं घर रानात असतं. कडब्याची कोप (खोपी), आंबिलाचं मडकं, बाजरीचे उंडे आणि भज्जी (शेंगा-भाज्यांची मिसळ). जेवायला बोलावलं की जायचं, भाषण करायचं नाही. पंगत उठल्यावर फक्त एवढं विचारायचं की आजच्या भज्जीत काय काय पडलंय आणि त्यातलं आपल्या रानातलं किती. गेल्या खेपेला एका घरी बोटं मोजली. तुरीच्या ओल्या शेंगा आणि हरभरा घरचा. वाल, वाटाणा, पात, गाजर, शेंगदाणे, चिंचसुद्धा बाजारातली. सासूबाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, वाल तर आमच्या बांधावर असायचा, चिंच रस्त्यात गेली. सुनेनं मोबाईलवर नावं लिहून घेतली. त्यातलं वालाचं बी नणंदेच्या सासरी, निलंग्याकडे सापडलं, साधारण दोन मुठी.